मन ओळखणं वेगळं, मत बदलणं वेगळं

‘मी ओव्हरथिंकर आहे’ असं कुणी रंकाळ्यावर भेळ खाता खाता कौतुकानं सांगितलं, की विचारावंसं वाटतं: बरं, मग त्यातला एखादा विचार कधी बदललास का? स्वतःच्या विचारांवर विचार करणं म्हणजेच विवेकानं वागणं, हा घोळ ऐकून कान किटले.

विवेकानं वागणं सगळ्यांना ठाऊक आहे. कारण बदललं की वागणं बदलायचं. समोरच्याचा तोल ढळला की पैलवान मनातला डाव सोडून दुसरा टाकतो. ‘मी आता कसा विचार करतोय’ हे बघत बसला तर त्याचीच पाठ मातीला लागेल. असं स्वतःच्याच विचारांवर विचार करण्याला मानसशास्त्रात मेटाकॉग्निशन म्हणतात. जॉन फ्लॅवेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हा शब्द रूढ केला. 

खरी फसगत पुढं आहे. स्वतःच्या मताकडं दोन तऱ्हांनी बघता येतं: शेजाऱ्याच्या खोडीबद्दल सांगावं तसं, किंवा त्या मताचा जाब आपल्यालाच द्यायचाय असं.

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पुराचा इशारा, ४३ ला धोका. समजा पाणी ४१ वर आहे आणि काठच्या दुकानदाराला विचारलं, ‘आत येईल असं वाटतं का?’ तो डोळे मिटून मनात डोकावत नाही. पातळी बघतो, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेत का विचारतो. गॅरेथ इव्हान्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं १९८२ साली, निधनानंतर छापलेलं म्हणणं हेच: तिसरं महायुद्ध होईल असं तुला वाटतं का, असं विचारलं तर माणूस जगाकडं बघूनच उत्तर देतो. स्वतःचं मत कळायलाही नजर बाहेर लागते.

आता तोच दुकानदार म्हणाला, ‘माझं डोकं २००५ च्या पुराच्या खुणेवर अडकलंय, त्यावर पाणी चढेल असं मला वाटतच नाही.’ निदान अचूक! पण २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ती खूण ओलांडून गेली. निदानानं पोती कोरडी राहत नाहीत. ‘ती खूण एका वर्षाची, नदीची मर्यादा न्हवं’ असं म्हणून त्यानं माल वर चढवला, तरच त्या आत्मनिरीक्षणाला विवेक म्हणेन. म्हणून ‘माझा स्वभावच तसा’ या वाक्याचा मला राग येतो. स्वतःचं मत हवामानासारखं सांगायचं, जणू आपला त्याच्याशी संबंधच नाही.

आमची मावशी इशारा पातळी ऐकली की धान्य माळ्यावर टाकते. ‘मावशी, भ्यालीस व्हय?’ म्हटलं तर हातातलं पोतं खाली न ठेवता म्हणते, ‘पाणी चढाय लागलंय न्हवं? धर हिकडनं.’