लीला (तत्त्वज्ञान)

कोणत्याही प्रयोजनाची अपेक्षा न ठेवता केवळ पूर्णतेतून आणि आनंदातून घडणारी क्रिया, या अर्थाने भारतीय दर्शनांत, विशेषतः वेदान्तात, रूढ झालेली संकल्पना. जगाची निर्मिती कशासाठी झाली, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती शास्त्रग्रंथांत मांडली गेली. पुढे भक्तिसंप्रदायांत तिचा विस्तार झाला आणि जगणे हे दुसरे काही मिळवण्याचे साधन नसून स्वतःच आस्वाद्य आहे, अशी जीवनदृष्टी तिच्यातून घडली. अवतारचरित्रातील प्रसंग, तसेच रामलीला, रासलीला यांसारखे नाट्यप्रकार हे या शब्दाचे अर्थ सर्वपरिचित असल्याने येथे केवळ तत्त्वज्ञानातील अर्थाचा विचार केला आहे.

संकल्पनेचे मूळ स्थान म्हणून बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांतील दोन सूत्रे दाखवली जातात. ‘न प्रयोजनवत्त्वात्’ (२.१.३२) हा पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचा आक्षेप होय. शहाणा माणूस प्रयोजनाशिवाय काही करत नाही. ब्रह्म तर नित्यतृप्त आहे. जग निर्माण करण्यात त्याचे काही प्रयोजन मानावे, तर त्याच्या तृप्तीला बाध येतो आणि न मानावे, तर प्रवृत्तीच संभवत नाही, अशी ही अडचण आहे. तिला ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’ (२.१.३३), म्हणजे लोकव्यवहारात दिसते तशी ही केवळ लीला आहे, असे उत्तर दिले आहे. उपनिषदांतील आधार मात्र एकसारखे नाहीत. आनंदापासूनच ही भूते जन्मतात, हे तैत्तिरीयातील वचन (३.६) लीलेला अनुकूल आहे, तर बृहदारण्यकात (१.४.३) आदिपुरुष एकटा रमेना म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली, असे म्हटले असून त्यातून पूर्णतेऐवजी उणीवच सूचित होते. सूत्रकाराचा कल पहिल्या वचनाकडे असावा.

ब्रह्मसूत्रांचा काळ वादग्रस्त आहे. सुरेन्द्रनाथ दासगुप्त त्यांना इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास नेतात, तर हेर्मान याकोबी यांनी इ. स. २०० ते ४५० ही मर्यादा सुचवली. दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील बौद्धमतखंडन कोणत्या संप्रदायाला उद्देशून आहे, यावर हा निर्णय बराच अवलंबून आहे. शंकराचार्यांप्रमाणे तेथे विज्ञानवाद (केवळ विज्ञान, म्हणजे जाणीव, सत्य मानणारे मत) अभिप्रेत मानला, तर काळ पुढे येतो. शून्यवाद (सर्व काही स्वभावशून्य मानणारे मत) अभिप्रेत मानला, तर थोडा मागे जाऊ शकतो. ग्रंथाची रचना एकाच वेळी झाली असेलच असे नाही, हे लक्षात घेता याकोबींची मर्यादा अधिक सुरक्षित वाटते. लीलाविषयक दोन सूत्रे मूळ थरातील की नंतरची, हे सांगण्याजोगे अंतर्गत प्रमाण सूत्रांत नाही.

सूत्र इतके आटोपशीर आहे की, लीलेत प्रयोजनाचा अभाव आहे की लीला हेच प्रयोजन आहे, हा प्रश्न त्याने खुला ठेवला आणि भाष्यकारांचे मतभेद प्रामुख्याने येथेच उद्भवले. शंकराचार्यांनी दोन दृष्टान्त दिले आहेत. सर्व इच्छा पुरलेला राजा किंवा त्याचा अमात्य वेगळे प्रयोजन मनात न धरता क्रीडाविहार करतो, हा पहिला; उच्छ्वास-प्रश्वास बाह्य प्रयोजनाशिवाय स्वभावतःच चालतात, हा दुसरा. लौकिक क्रीडेत एखादे सूक्ष्म प्रयोजन शोधता येईल, पण ईश्वराच्या बाबतीत तेही शोधता येणार नाही, असे ते पुढे बजावतात आणि शेवटी सृष्टिश्रुती (सृष्टीची उत्पत्ती सांगणारी वेदवाणी) परमार्थविषयक नाहीच, ती अविद्याकल्पित, म्हणजे अज्ञानाने कल्पिलेल्या, नामरूपांच्या व्यवहारापुरती आहे, असे सांगून सगळा प्रश्नच एक पायरी खाली उतरवतात. गौडपादांच्या माण्डूक्यकारिकेत (१.९) याचे बीज आहे. काही भोगासाठी सृष्टी मानतात, काही क्रीडेसाठी; परंतु हा देवाचा स्वभाव आहे, ‘आप्तकामस्य का स्पृहा’ (सर्व इच्छा पुरलेल्याला कसली इच्छा), असे ती कारिका म्हणते. म्हणजे गौडपाद क्रीडेचा पक्षही बाजूला सारून स्वभावावर थांबतात. शंकराचार्यांचा श्वासाचा दृष्टान्त याच भूमिकेच्या जवळचा आहे. त्याने प्रयोजन पूर्णपणे दूर होते, पण त्याबरोबर आनंदही दृष्टान्तातून निसटतो, कारण श्वास कोणी आनंदाने घेत नाही.

रामानुजाचार्यांचा राजा सप्तद्वीपा पृथ्वीचा स्वामी आहे आणि तो चेंडू खेळतो. ‘केवललीलैकप्रयोजनाः’ या त्यांच्या शब्दांप्रमाणे लीला हेच त्या खेळाचे एकमेव प्रयोजन होय. मध्वाचार्यांनी मत्त माणसाचा दृष्टान्त घेतला: सुखाचा उद्रेक झाला म्हणून तो नाचतो आणि गातो, काही मिळवायचे म्हणून नव्हे. वल्लभाचार्य तर अणुभाष्यात, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरील आपल्या भाष्यात, लीलेत कोणतेही प्रयोजन नसते, कारण लीला स्वतःच प्रयोजन असते, असे स्पष्टच म्हणतात. मध्वांच्या दृष्टान्तात आनंद आधी आहे आणि क्रिया नंतर, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आनंद मिळवण्यासाठी केलेली क्रीडा आणि आनंद आहे म्हणून घडलेली क्रीडा यांतील भेद येथे प्रकट होतो. पुढील आक्षेपांना तोंड देण्यास हाच भेद सर्वांत उपयोगी पडतो.

हे आक्षेप प्रबळ आहेत. मूर्खदेखील प्रयोजनाशिवाय प्रवृत्त होत नाही, असे सांगून मीमांसक कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात क्रीडेचाही पक्ष नाकारला, कारण क्रीडेची गरज असेल तर ईश्वराची कृतार्थता संपते. नैयायिक उद्द्योतकर ईश्वरवादी असूनही क्रीडा मान्य करत नाहीत. क्रीडेवाचून ज्यांना सुख मिळत नाही त्यांनाच ती हवी असते, असे म्हणून तेही स्वभावाचा आश्रय घेतात. बौद्ध आचार्य शान्तरक्षितांनी तत्त्वसंग्रहात लहान मुलाचा दाखला दिला. मूल खेळण्यांवर अवलंबून असते. त्याचप्रमाणे खेळणारा ईश्वर खेळाच्या साधनांचा ताबेदार ठरेल. या तिघांनी क्रीडा ही उणीव भरून काढण्याची धडपड आहे, हे गृहीत धरले आहे आणि लीलावाद्यांना नेमके तेच अमान्य आहे.

दुःखाचा प्रश्न याहून बिकट आहे. लगेच पुढचे सूत्र (२.१.३४) ईश्वरावर विषमता आणि निर्दयता यांचा दोष येत नाही, कारण तो प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवतो, असे सांगते, कर्म अनादि असल्याचे त्यापुढील सूत्रात येते. हे उत्तर नैतिक दृष्ट्या आवश्यक आहे, पण त्यामुळे लीलेच्या स्वातंत्र्याला मर्यादा पडते, आणि ही मर्यादा भाष्यकारांनी पुरेशी उलगडलेली नाही. दुसऱ्याचे दुःख समोर असताना ‘ही सारी लीला आहे’ असे म्हणून मोकळे होण्याला मात्र सूत्रांत आधार सापडत नाही.

काश्मीर शैवदर्शनात लीलेचे स्थान मध्यवर्ती आहे. सोमानंदांच्या शिवदृष्टीत सार्वभौम राजा आपल्या सामर्थ्याच्या आनंदात साध्या पायदळ सैनिकासारखा चालू लागतो. शिवाचे जगद्रूप होणे तसे आहे. वसुगुप्तांच्या नावावर असलेल्या शिवसूत्रांत (३.९–११) आत्मा नर्तक, अंतरात्मा रंगभूमी आणि इंद्रिये प्रेक्षक म्हटली आहेत. येथे जग अविद्याकल्पित राहत नाही, आणि म्हणून डोळ्यांना दिसणारे व कानांना ऐकू येणारे सौंदर्य टाकून देण्याचे कारणही उरत नाही.

मराठीत या विचाराचा श्रेष्ठ आविष्कार ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात आढळतो. हा ग्रंथ ज्ञानेश्वरीनंतरचा (ज्ञानेश्वरी शके १२१२, इ. स. १२९०) मानला जातो. ‘शिवसूत्राचेनि मिसें’ (शिवसूत्राच्या निमित्ताने) हा त्यातील उल्लेख शैवग्रंथांशी परिचय दाखवतो. तथापि तो नाथसंप्रदायातून आला की थेट ग्रंथवाचनातून, हे ठरवणे कठीण आहे. अमृतानुभवातील सातव्या प्रकरणात अज्ञानाचे विस्तृत खंडन असल्याने अनेक आधुनिक अभ्यासक या मताला चिद्विलासवाद (जग हा चैतन्याचाच विलास आहे, हे मत) म्हणतात व शांकर मतापासून वेगळे काढतात. इतर काहींना ते शांकर अद्वैताचेच काव्यमय निरूपण वाटते. आरंभीचा शिवशक्तीचा प्रणय आणि नवव्या प्रकरणातील इंद्रियानुभवाचे स्वागत पाहता पहिले मत ग्रंथाशी अधिक जुळते. ‘आतां आमोद सुनास जालें’, म्हणजे सुगंधालाच नाक फुटले, असे ते प्रकरण सुरू होते. श्रुतीलाच कान येतात आणि आरसेच डोळ्यांसह उठतात. भोग्य आणि भोक्ता असे दोन न उरताही अनुभवाची गोडी कमी होत नाही, हे ज्ञानेश्वरांना दाखवायचे आहे. एकच असताना भक्ती कशासाठी, या शंकेला त्यांनी दिलेले उत्तर असे:

देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु ।
तैसा भक्तीचा वेव्हारु । कां न व्हावा ॥

देव, देऊळ आणि भोवतीचा परिवार एकाच डोंगरातून कोरलेले असतात. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्याला या ओवीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ओवीचा भर ‘कां न व्हावा’ या प्रश्नावर आहे. भक्तीपासून काय लाभते, हे येथे सांगितलेलेच नाही.

महानुभाव पंथात प्रवर्तक चक्रधरस्वामींच्या प्रत्येक आठवणीला ‘लीळा’ म्हटले जाते. म्हाइंभटांनी संकलित केलेले लीळाचरित्र सामान्यतः शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमाराचे मानतात. सिद्धान्ततः या पंथात अवताराला जीवोद्धरणाचे प्रयोजन आहे, त्यामुळे वेदान्तातील लीला येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. तरीही चक्रधरांचे गुरू, ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू यांच्या चरित्रातील, मुलांत खेळणे, कुणाच्याही घरात शिरून शिजलेले खाणे, यांसारखे प्रसंग कोणताही उपदेश न जोडता नोंदवले आहेत आणि ती नोंद अतिशय सुंदर आहे.

वारकरी परंपरेत हा विचार सिद्धान्त म्हणून थोडाच, पण आचरण म्हणून ठळकपणे दिसतो. ‘खेळ मांडियेला वाळवंटी घाई’ या तुकारामांच्या अभंगात पंढरीच्या वाळवंटात वैष्णव नाचतात, आणि ‘हेंचि दान देगा देवा’ या अभंगात मुक्तीदेखील नाकारून पुन्हा गर्भवास मागितला आहे. मोक्ष हे परम प्रयोजन मानणाऱ्या परंपरेत ही मागणी असाधारण आहे. गीतेतील निष्काम कर्माशी तिची गल्लत करू नये; तेथे फळाची आसक्ती सोडली तरी कर्तव्य उरते, लीलेत कर्तव्यही उरत नाही.

पाश्चात्त्य विचारातील इमान्युएल कांट यांच्या १७९० मधील सौंदर्यविवेचनाशी लीलेची तुलना केली जाते. रा. भा. पाटणकर यांच्या सौंदर्यमीमांसा (१९७४) या ग्रंथामुळे ते विवेचन मराठी वाचकांना परिचित आहे. सुंदर वस्तू हेतुपूर्ण भासते, पण तिचा कोणताही हेतू सांगता येत नाही, असे कांट म्हणतात. मात्र त्यांचा विचार रसिकाने वस्तूविषयी केलेल्या निर्णयाचा आहे, तर लीलेचा विचार करणाऱ्याच्या क्रियेचा. योहान हाइझिंगा यांचे क्रीडेविषयीचे विवेचन (१९३८) क्रियेकडेच पाहते. परंतु त्यांना अभिप्रेत असलेली क्रीडा नियमांनी आणि स्थळकाळाच्या मर्यादांनी बांधलेली व नित्य जीवनापासून वेगळी काढलेली असते, तर लीलेच्या कल्पनेत असे वेगळे क्षेत्र राखून ठेवलेले नाही.