सीआरपीचा आकडा आणि दुतोंड्या मारुती

गोदावरीला पूर आला की नाशिककर गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे नंतर विचारतो. आधी विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे नदीपात्रातल्या त्या उंच मूर्तीच्या, कुठवर आलंय? लहान मुलाचा ताप पाच दिवस हटत नाही तेव्हा लॅबमधून येणारा सीआरपीचा, म्हणजे अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचा, आकडा म्हणजे असाच मारुती. सीआरपी यकृतात तयार होतं, पण त्याला हुकूम सोडणारा मुख्य रेणू इंटरल्यूकिन-६, पेशींमधला एक निरोप्या. विसर्ग वर सुटलेला असतो, आपण खाली पातळी मोजतो.

हा धागा कळण्याच्या कितीतरी आधी असाच ताप न हटणारा एक आजार सापडला होता, आज त्याला कावासाकी म्हणतात. जानेवारी १९६१ मध्ये टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयात डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी चार वर्षांचा एक मुलगा तपासला. ताप, चिपडं न येता लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ, स्ट्रॉबेरीसारखी जीभ, अंगावर पुरळ. नाव देता येईना. अशी पन्नास मुलं गोळा करून त्यांनी १९६७ साली लेख लिहिला. तेव्हा हा आपोआप बरा होणारा ताप वाटला होता. पुढे दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्यांवर फुगे दिसले आणि चित्र पालटलं. उपचार झाले नाहीत तर साधारण चारांतल्या एका मुलाला असे फुगे येतात.

आपल्याकडे आजी 'गोवर निघाला' म्हणून मोकळी होते. अशा वेळी बाळाचा डावा दंड बघावा. बीसीजी लसीचा जुना व्रण अचानक लालबुंद झाला असेल तर कावासाकीची शंका घ्यायला हवी.

गंमत म्हणजे औषध आधी लागू पडलं, कारण शोधणं मागून आलं. १९८४ साली जपानमध्ये फुरुशो आणि सहकाऱ्यांनी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, शिरेतून देऊन फुगे कमी होतात हे दाखवलं. १९९१ पासून किलोमागे २ ग्रॅम, एकाच वेळी, हा डोस रुळला. बारा किलोच्या पोराला २४ ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या जवळपास पाच बाटल्या, दहा-बारा तास थेंब थेंब. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनणारं औषध महाग असणारच. ते नेमकं कसं काम करतं यावर अजूनही एकमत नाही.

रेणूंची गोष्ट मात्र वेगळ्याच वाटेने आली. १९७५ साली टीएनएफ हा निरोप्या रेणू सापडला तो कर्करोगाच्या गाठी नष्ट करणारा घटक म्हणून. हाच रेणू कावासाकीच्या मुलांच्या रक्तात वाढलेला आढळला. त्यात इंटरल्यूकिन-१ चीही भर पडली. दोघे मिळून रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चेतवतात, अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात आणि तिचे लवचीक धागे कुरतडतात. भिंत सैल पडली की फुगा. म्हणूनच इम्युनोग्लोब्युलिनने ताप न उतरणाऱ्या मुलांना आज टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब, क्वचित इंटरल्यूकिन-१ रोखणारं अनाकिन्रा देतात.

२०२० मध्ये कोविडनंतर मुलांमध्ये कावासाकीसारखाच दाह दिसू लागला, आणि अशा निरोप्या रेणूंचं 'सायटोकाइन' हे नाव नाशिकच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यावरही ऐकू आलं.

एक व्यवहारातली बाब. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर ईएसआर हा दाहाचा दुसरा आकडा आपोआपच चढतो, तो बघून घाबरू नये, सीआरपी बघावा. तो उतरला तरी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा करायचा असतो, उपचारानंतर एक-दोन आठवड्यांत आणि मग चार ते सहा आठवड्यांनी.