मानचषकाचा इतिहास धातूला विचारताना

चांदीच्या जुन्या मानचषकावर कुणा कप्तानाचे नाव, त्याच्या पराक्रमाचा गौरव आणि साल कोरलेले दिसले, की त्याचा पूर्वेतिहास हाती आला असे वाटते. परंतु मजकूर कोणत्याही भांड्यावर कधीही कोरता येतो, म्हणून तो खरा मानण्याआधी धातूची साक्ष काढली पाहिजे.

ब्रिटिश चांदीत ही साक्ष हॉलमार्कपासून सुरू होते. चालता सिंह 92.5 टक्के शुद्धता दाखवतो, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचे तपासणी केंद्र सांगतो, तर वर्षाक्षरावरून तपासणीचे साल कळते. 1784 ते 1890 या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मुखही उमटवत असत. साहजिकच, 1775 च्या वर्षाक्षराशेजारी असे मुख असेल तर त्या ठशांवर विश्वास ठेवता येत नाही.

ठसे अस्सल असूनही चषक फसवा असू शकतो. 1720 ते 1758 दरम्यान इंग्लंडमध्ये चांदीवर वजनानुसार कर होता. तो चुकवण्यासाठी काही कारागीर लहान वस्तूवर ठसे घेऊन तो तुकडा मोठ्या भांड्याला डाख देऊन जोडत. अशा वेळी ठशांवर तोंडाची वाफ सोडून पाहावे. वाफ विरताना जोडाची रेघ क्षणभर उमटते, आणि ही साधी युक्ती मला फार मोलाची वाटते.

पुढचे काम क्ष-किरण प्रतिदीप्तीचे. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडते, त्यामुळे ओरखडाही न काढता मिश्रण कळते. जुन्या पद्धतीने शिसे वापरून शुद्ध केलेल्या चांदीत सहसा सोने आणि शिसे अंशमात्र उरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्युत-शुद्धीकरण आल्यावर हे अंश खूपच घटले. मात्र हे किरण पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतात, आणि तापवून आम्लात उजळलेल्या भांड्याच्या त्या थरातले तांबे निघून गेलेले असते, त्यामुळे शुद्धता प्रत्यक्षाहून जास्त दिसते.

उरतो तो कोरीव मजकूर. जुनी अक्षरे पुसली असतील तर तिथला पत्रा पातळ लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली वापराचे ओरखडे अक्षरांच्या रेषांवरून गेलेले दिसले, तर मजकूर त्या ओरखड्यांच्या आधीचा. रेषांनीच ओरखडे कापले असतील, तर तो नंतरचा.