लढाऊ विमानांची फोटोग्राफी (छंद, विदर्भ)

एअरबेसच्या आसपास पण कुंपणाच्या बाहेर आणि कायद्याच्या आत राहून, उडणाऱ्या फौजी विमानांचे फोटो काढायचा हा छंद. इंग्लंड-युरोपात तो जुना आहे. वेल्समध्ये मॅक लूप नावाच्या दऱ्या आहेत, तिथे जेट विमानं २५० फुटांपर्यंत खाली येतात आणि लोक डोंगरावर बसून विमानाचा वरून फोटो काढतात. विदर्भात अशी जागा नाही, इथे काळं रान, धुरा (वावराचा बांध) आणि डोक्यावरचं मोकळं आभाळ, त्यामुळे आपला फोटो बहुतेक विमानाच्या पोटाचाच येतो.

नागपूरला सोनेगावचं वायुसेना स्टेशन आणि सिव्हिल एअरपोर्ट एकच रनवे वापरतात, आणि वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालयही नागपुरातच, वायुसेनानगरला. पण हा लढाऊ विमानांचा मोठा अड्डा नाही, हे नव्या माणसाला आधीच सांगावं लागते, नाहीतर पोरगं रोज सुखोई हे लढाऊ जेट दिसेल म्हणून महिनाभर उन्हात बसते आणि मग कॅमेरा विकते. एएन-३२ सारखी मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टर हाच इथला मुख्य माल, जेट आलं तर पाहुणं म्हणून येते. सुखोईसाठी पुण्याचं लोहगाव, आणि ती बनतात नाशिकजवळ ओझरला. नागपुरात नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर फेस्ट झाला तेव्हा वायुसेनेच्या हवाई कसरती करणाऱ्या चमूंची, सूर्यकिरणची हॉक विमानं आणि सारंगची हेलिकॉप्टरं, लोकांनी खुलेआम टिपली. असे शो आणि बंगळुरूला येलहंकाला दर दोन वर्षांनी भरणारा एअरो इंडिया, शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण तिथे कॅमेऱ्याकडे कुणी संशयाने पाहत नाही.

आता कायदा. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे आणि त्यात फौजी ठिकाणं ही प्रतिबंधित जागा आहेत, देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने तिथले फोटो-नकाशे काढल्याचं सिद्ध झालं तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून आपला नियम साधा ठेवायचा: फ्रेममध्ये फक्त विमान आणि आभाळ. रनवे, हँगर, रडार, भिंत, गेट काही नाही. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या बाजूने तर कॅमेरा बॅगेतून काढायचाच नाही, विमान जाऊ दे की आणखी काही. ड्रोनचा विचारही करू नये. परदेशातही हे सोपं नाही, २००१ मध्ये ग्रीसमध्ये १२ ब्रिटिश आणि २ डच हौशी लोकांना हेरगिरीच्या आरोपात पकडलं, २००२ मध्ये शिक्षा झाली आणि त्याच वर्षी अपिलात सुटले. आणि २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी सरकारने फौजी हालचालींचं लाईव्ह दाखवू नका असं सांगितलं होतं, तसल्या दिवसांत कॅमेरा घरीच ठेवावा. एरवीही फोटोतलं लोकेशन बंद करावं आणि फोटो त्याच दिवशी टाकू नये. वावरात बसायच्या आधी वावराच्या मालकाला आणि गावच्या पोलीस पाटलाला सांगून ठेवलं तर अर्धा त्रास वाचते. माझ्या एका मित्राला न सांगता बसल्यामुळे ठाण्यात चार तास काढावे लागले, कार्डातला एकेक फोटो दाखवला तेव्हा सोडलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी विचारलं त्यात चूक काही नव्हतं.

या छंदात कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवायचा, हे सगळ्यात उशिरा कळते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३ किलोमीटरवरच्या जेटचा आवाज आपल्यापर्यंत यायला नऊ सेकंद लागतात, आणि जेट ताशी ८०० किलोमीटरने असेल तर तेवढ्यात ते दोन किलोमीटर पुढे गेलेलं असते. नवा माणूस आवाज येते तिकडे कॅमेरा फिरवतो आणि त्याला रिकामं आभाळ भेटते. आवाजाच्या पुढे पाहायचं. पहिले सहा महिने बगळ्यांवर आणि घारीवर हात बसवावा, पॅनिंग, म्हणजे उडत्या गोष्टीसोबत कॅमेरा फिरवत फोटो काढणं, तिथेच जमते.

लेन्स ४०० एमएमच्या खाली पुरत नाही. सुखोई जवळपास २२ मीटर लांब, तरी दीड किलोमीटरवरून ६०० एमएमने फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात फोटोच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग भरते, तीन किलोमीटरवर आठवा हिस्सा. जेटला शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान ठेवायचं, पण एएन-३२ ला तसं केलं की पंखे गोठतात आणि विमान आभाळात टांगल्यासारखं दिसते, तिथे १/२०० च्या आसपास उतरायचं, दहातले आठ फोटो हलतील पण उरलेल्या दोनात पंखे फिरताना दिसतील. उजळ आभाळासमोर विमान काळं पडते, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवायचं.

आणि ऊन. मे महिन्यात ४५ अंशाला काळ्या मातीवरून जी हवा लहरत वर चढते त्यात लाखाची लेन्सही विमानाची कडा विरघळवून टाकते, फोकस चुकला म्हणून पोरं लेन्सला दोष देतात, पण दोष हवेचा असतो. इथला खरा सीझन दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, सकाळी धुकं उठल्यावर दोन तास आणि संध्याकाळी सूर्य खाली आल्यावर, जेव्हा उजेड विमानाच्या पोटाखाली शिरते आणि चाकांच्या दारांच्या कडा, रिव्हेटच्या रांगा दिसू लागतात.

गावात उंचावरून पांढरी रेघ ओढत जाणाऱ्या प्रवासी विमानालाही लोक "रॉकेट गेलं" म्हणतात. पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाया आधी दुरूनच पाहत असतात, मग ओटीत कापूस तसाच धरून धुऱ्यावर येतात आणि दाखव म्हणतात. उतरायला निघालेल्या एएन-३२ चा फोटो स्क्रीनवर मोठा करून दिला तेव्हा एक काकू बराच वेळ बोट न हलवता पाहत राहिली आणि मागे वळून ओरडली, "अवो माय, या इकडे, चाकं दिसून राह्यले याचे!"