पार्श्वभूमी: गावाला मेडिकल कॉलेज का हवं असतं?

सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं वर्धा जिल्ह्यात आधीपासून होती. तरीही नवं सरकारी कॉलेज आपल्याच गावी व्हावं म्हणून हिंगणघाटकरांनी आंदोलन केलं. मागणी उपचारांची होती, पण नुसती तेवढीच असते असं कोणी मानत नाही. कॉलेज आलं की रस्त्यालगतच्या जमिनीला भाव चढतो, खोल्या भाड्याने जातात, मेस, मेडिकल आणि लॅब निघतात. तालुक्याच्या गावांना हे गणित पाठ झालं ते १९८३ नंतर.

त्याआधीही दवाखान्यामुळे गावं वाढली होती. मिरजेत १८९४ साली मिशनचं रुग्णालय उभं राहिलं, रेल्वे जंक्शनमुळे कर्नाटकातूनही पेशंट येऊ लागले आणि पुढे गाव डॉक्टरांचंच झालं. पण ते काही सरकारी धोरण नव्हतं.

१९८३ साली राज्य सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना परवानगी दिली. सरकारचा युक्तिवाद सरळ पैशाचा होता. मणिपालला १९५३पासून खासगी मेडिकल कॉलेज होतं, मराठी मुलं कर्नाटकात जाऊन देणग्या भरत होती, मग तो पैसा इथेच का राहू नये? पुढच्याच वर्षी लोणी आणि कराड या साखरेच्या पट्ट्यात मेडिकल कॉलेजं सुरू झाली. साखरेवर उभं राहिलेलं नेतृत्वच इथे संस्थाचालक झालं.

‘शिक्षणाचा बाजार मांडला’ ही टीका तेव्हापासून आजतागायत चालू आहे, आणि ती चुकीची नाही. देणग्यांवर बंदी घालणारा कायदा राज्याला १९८७ सालीच करावा लागला. तो किती पाळला गेला, हे त्या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या घरी विचारावं. पण टीकाकार एक बाजू सोडून देतात. कॉलेज चालवायचं तर खाटा लागतात, १०० जागांना चारशेहून जास्त, आणि त्या भरलेल्या दाखवाव्या लागतात. खेड्यात एवढे पेशंट पैसे मोजून येणार नाहीत, म्हणून केसपेपर नाममात्र दरात, जनरल वॉर्डात जेवण फुकट, आसपासच्या गावांतून आणायला गाडी. इन्स्पेक्शन आलं की भाड्याचे प्राध्यापक आणि हातीपायी धड पेशंट हजर होत, हेही त्याच नियमामुळे. तरी ज्या बाईचं सिझेरियन तालुक्यात झालं, तिला जिल्ह्याला न्यावं लागलं नाही. नर्स, वॉर्डबॉय, टेक्निशियन, मावशी ही कायम पगाराची माणसं गावात आली. ऊस गेला की हंगाम संपतो, दवाखान्याला हंगाम नसतो.

म्हणजे गावची अर्थव्यवस्था चालली ती रुग्णसेवेच्या कमाईवर नव्हे, दूरच्या पालकांनी भरलेल्या फीवर. पुढे ती फी वसूल करायला त्या डॉक्टराने शहरात काय केलं, हा खर्च कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही.

नंतरचे टप्पे माहीतच आहेत. १९९३ साली कमी फीच्या ‘फ्री’ आणि जास्त फीच्या ‘पेमेंट’ सीट आल्या, २०१६पासून ‘नीट’ ही देशभराची एकच प्रवेश परीक्षा सक्तीची झाली. रुग्णालयांच्या दृष्टीने मोठा फरक पडला तो २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढच्या वर्षी राज्यभर गेलेल्या सरकारी आरोग्य योजनेने. ज्या खाटा पदरमोड करून भरायच्या, त्यांचं बिल आता सरकारकडे जाऊ लागलं. क्लेम मंजूर व्हायला लागणारा वेळ ही वेगळी कटकट.

आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं २०१७च्या राष्ट्रीय धोरणात ठरलं होतं. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता, तोही कोविडच्या वर्षांत. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यांत गडचिरोली, हिंगोली, वाशीम होतं. इथे पालकांची फी गावाला पोसणार नाही. पगार, औषधं, यंत्रं सगळं सरकारी तिजोरीतून यायचं आहे, आणि गडचिरोलीत राहायला तयार असलेला प्राध्यापक मिळणं हे त्याहून अवघड.