तेहतीस टक्क्यांचा वाद

एचआयव्ही प्रतिबंधासाठी अमेरिका जगभर जो पैसा देते, त्यावरची तरुण कार्यकर्त्यांची नाराजी जुनी आहे. सुरुवातीला भांडण औषधांच्या किमतींचे होते. २००१मध्ये एका नामांकित अमेरिकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आपल्याच विद्यापीठाला धारेवर धरले, कारण एका महागड्या औषधाचे पेटंट त्याच्याकडे होते. शेवटी दक्षिण आफ्रिकेपुरता पेटंटचा हट्ट सोडावा लागला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या विशेष अधिवेशनात १५ ते २४ वयोगटातल्या ९० टक्के तरुणांपर्यंत २००५ अखेर माहिती आणि सेवा पोहोचवण्याचे ठरले.

२००३मध्ये पेपफार ही एचआयव्हीशी लढण्यासाठीची अमेरिकी परदेशी मदत योजना आली. पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर. एका आजारासाठी एवढी रक्कम त्याआधी कोणत्याही देशाने दिली नव्हती. पण कायद्यात एक पाचर होती: प्रतिबंधाच्या निधीपैकी किमान ३३ टक्के रक्कम लग्नापर्यंत संयम पाळायला सांगणाऱ्या कार्यक्रमांवरच खर्च व्हायला हवी. २००६पासून ही अट बंधनकारक झाली.

ऐकायला ३३ टक्के म्हणजे एक तृतीयांश. प्रत्यक्षातला हिशोब वेगळा होता. प्रतिबंधाच्या निधीतूनच आईकडून बाळाला होणारी लागण रोखायची, रक्तपुरवठा सुरक्षित ठेवायचा. त्यामुळे लैंगिक मार्गाने होणाऱ्या लागणीसाठी साधारण निम्मी रक्कम धरली गेली आणि तिच्यातले दोन तृतीयांश संयम आणि एकनिष्ठेच्या प्रचाराला बांधले गेले. कंडोम आणि बाकी सगळे उरलेल्या तुकड्यात. शाळेत या पैशातून कंडोम वाटायला मनाई होती. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना फक्त संयमाचे धडे.

समर्थक युगांडाकडे बोट दाखवत. तिथे नव्वदच्या दशकात लागण घटली हे खरे, पण तिथे कंडोमही होते आणि उघडपणे बोलणारे सरकारही, हे सोयीस्करपणे गाळले जाई. २००६मध्ये अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षकांना बहुतेक देशांतल्या पेपफारच्या पथकांनी ही अट अडचणीची ठरते असे सांगितले. काहींना तर आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचा पैसा वळवावा लागला होता. त्याच वर्षीच्या टोरांटो परिषदेत हा मुद्दा गाजला.

२००८मध्ये निधी ४८ अब्जांवर गेला आणि सक्ती गेली. पूर्णपणे नव्हे. साथ सर्वदूर पसरलेल्या देशांत लैंगिक लागण रोखण्याच्या निधीपैकी निम्म्याहून कमी रक्कम संयम आणि एकनिष्ठेच्या कार्यक्रमांवर खर्च झाली, तर त्याचा खुलासा संसदेला द्यायचा, अशी तडजोड निघाली. टक्का गेला, धाक राहिला. २०१६च्या एका अभ्यासात २२ देशांची माहिती तपासली गेली. सुमारे १.४ अब्ज डॉलर खर्चूनही तरुणांच्या लैंगिक वर्तनात फरक दिसला नाही. तरुणांच्या संघटना हेच दहा वर्षे सांगत होत्या.

मधल्या काळात किशोरवयीन मुली आणि तरुणींसाठी वेगळा निधी आला, २०१७मध्ये गर्भपाताची सेवा किंवा पुरस्कार करणाऱ्या परदेशी संस्थांना मदत नाकारणाऱ्या अटीची कक्षा वाढून ती पेपफारलाही लागू झाली. २०२४मध्ये लेनाकापाव्हिर या एचआयव्ही प्रतिबंधक औषधाची बातमी आली. वर्षातून दोन इंजेक्शने. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ती घेतलेल्या २,१३४ मुली आणि तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. वय १६ ते २५.

जानेवारी २०२५मध्ये परकीय मदत गोठली. नंतर सवलत मिळाली, पण प्रतिबंधक औषधे फक्त गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या महिलांना. गरोदर नसलेली वीस वर्षांची मुलगी या सवलतीत बसत नव्हती.