मॉन्स्टर : पात्रविकास आणि कथागती

जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे अ‍ॅनिमेशनपटांच्या धर्तीची रहस्यमालिका. मूळ कथा नाओकी उरासावा यांच्या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची. १९९४ ते २००१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या मांगाचे पुढे १८ खंड निघाले. मॅडहाउस स्टुडिओने मासायुकी कोजिमा यांच्या दिग्दर्शनाखाली त्यावर ७४ भागांची मालिका केली. ती २००४-०५ मध्ये निप्पॉन टीव्हीवरून प्रसारित झाली. कथा मात्र जपानात घडत नाही. ती जर्मनी आणि चेकियात घडते आणि काळ आहे जर्मनीच्या एकीकरणाच्या आगेमागचा.

१९८६, ड्युसेलडॉर्फ. केंझो तेन्मा हा तरुण जपानी मेंदू-शल्यविशारद. आधी आलेल्या एका तुर्की मजुराला सोडून, रुग्णालयाच्या संचालकाचा हुकूम आला म्हणून तो एका नामवंत ऑपेरा-गायकावर शस्त्रक्रिया करतो. मजूर दगावतो. त्याची बायको रुग्णालयातच तेन्मावर हात उगारून आपला नवरा परत मागते. पुढच्या वेळी महापौर आणि डोक्यात गोळी लागलेला एक मुलगा असे दोघे येतात, तेव्हा तेन्मा हुकूम मोडून मुलाला वाचवतो. त्याची बढती जाते, वाग्दत्त वधू एफा पाठ फिरवते. बेशुद्ध मुलाच्या खाटेशेजारी बसून तो मनातली मळमळ ओकतो : असला संचालक मेलेलाच बरा. थोड्याच दिवसांत संचालक खरोखर मरतो. नऊ वर्षांनी तो मुलगा, योहान, तेन्माच्या डोळ्यांदेखत एकाला गोळी घालतो.

म्हणजे खुनी कोण, हे चौथ्याच भागात उघड होते. एरवीच्या रहस्यमालिका जो पत्ता शेवटपर्यंत झाकून ठेवतात, तो इथे आधीच टेबलावर पडतो. उरलेले ७० भाग प्रेक्षकाला धरून ठेवणारा प्रश्न वेगळा आहे : ज्याने सगळे जीव सारखे मानले, तो डॉक्टर योहानवर बंदूक चालवील का?

मालिकेच्या संथपणाचे मूळ इथे आहे. कथा एका जागी थांबते, दोन-चार भाग एखाद्या अनोळखी माणसाच्या घरात रेंगाळते आणि पुढे सरकते. तेन्माला नेमबाजी शिकवणारा म्हातारा भाडोत्री सैनिक आणि त्याने सांभाळलेली, कधीही न हसणारी परदेशी मुलगी यांचा भाग घ्या. कथानकापुरते एवढेच पुरे होते, की तेन्मा बंदूक शिकला. पण त्या मुलीच्या आईला याच सैनिकाने मारले होते, हे कळल्यावर नेमबाजीचा प्रत्येक धडा जड होतो.

या पद्धतीचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे रिचर्ड ब्राऊन. दारूपायी पोलिसातली नोकरी गमावलेला हा गुप्तहेर दारू सोडून लेकीला भेटण्याची तयारी करतो आहे. प्रेक्षक त्याच्यात पुरता गुंतला, की योहान त्याला एका इमारतीच्या गच्चीवर गाठतो. तो धक्का देत नाही, हत्यारही काढत नाही. नुसता बोलतो, जुनी जखम उकरतो आणि दारू पुढे करतो. खरा घाव आधीच्या संथ भागांनी घातलेला असतो. गच्चीवर फक्त त्याची वसुली होते.

योहान स्वतः जवळजवळ बदलत नाही. तो पडद्यावरही फार नसतो. त्याची चाहूल इतरांच्या बोलण्यातून लागते. बदलतात ते त्याच्या वाटेत आलेले. निरीक्षक लुंगे हवेत कळफलक बडवल्यासारखी बोटे नाचवून प्रत्येक गोष्ट स्मरणात साठवतो, आणि तेन्माच खुनी आहे या हट्टापायी घर आणि हुद्दा दोन्ही घालवून बसतो. पूर्व बर्लिनच्या अनाथाश्रमात भावना खरवडून काढलेला ग्रिमर हसतो, पण ते हसू शिकलेले असते. स्वतःच्या मुलाच्या मृत्यूवरही त्याला रडू आले नव्हते. ते दुःख त्याला अखेरच्या घटकेला सापडते. एफाचा दिमाखाकडून दारूकडे आणि तिथून शहाणपणाकडे झालेला प्रवास मालिकेतला सर्वांत खडबडीत, म्हणून सर्वांत खरा वाटतो. त्या मानाने योहानची जुळी बहीण नीना उत्तरार्धात मागे पडते. तिच्या वाट्याला आठवणी जास्त आणि निर्णय कमी येतात.

दोष आणखीही आहेत. युरोपभर विखुरलेली माणसे नेमकी एकमेकांना भेटत राहतात, आणि प्रागच्या प्रकरणात जुन्या गुपितांचे थर इतके चढतात की सूत्र हातून निसटते. याच स्टुडिओची ‘डेथ नोट’ ही ३७ भागांची मालिका डाव-प्रतिडावाच्या वेगावर चालते. तिची सवय असलेल्याला ‘मॉन्स्टर’ कंटाळवाणी वाटणे स्वाभाविक आहे.

शेवटच्या गावात, पावसात, योहान स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवून तेन्माला गोळी मागतो. गोळी सुटते, पण ती झाडतो एक दारुडा बाप, आपल्या पोराला वाचवण्यासाठी. आणि तेन्मा त्याच डोक्यावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करायला उभा राहतो.